कार्ल सेगनची 'कॉन्टॅक्ट': काय जमलंय आणि कुठे माती खाल्लीय (शेवट फोडलाय, सांभाळून)

शंकासुर

खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगनची १९८५ ची विज्ञानकादंबरी 'कॉन्टॅक्ट' परत वाचून काढली. सिनेमा बऱ्याच जणांनी पाहिलेला असतो, पुस्तक वाचलेले कमी, आणि वाचलेले लोक पण 'सिनेमापेक्षा डीटेल आहे' म्हणून विषय संपवतात. म्हणून म्हटलं नीट चिरफाड करूया. पुढे सगळं फोडणार आहे, शेवटासकट. वाचायची असेल तर इथूनच मागे फिरा.

माझं मत आधीच सांगून टाकतो. परग्रहवासी जोवर तोंड उघडत नाहीत तोवर ही कादंबरी जबरदस्त आहे. ते बोलायला लागले की हवा जाते.

पहिला भाग का आवडतो ते सांगतो. न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात १३१ रेडिओ दुर्बिणी, वर्षानुवर्षं हाती काही नाही, प्रकल्प गुंडाळायच्या गोष्टी चालू, आणि अशात अभिजित ताऱ्याच्या दिशेने मूळ संख्या यायला लागतात. दुसऱ्या कुठल्याही लेखकाने इथे लोकांना नाचवलं असतं. सेगनची माणसं काय करतात, तर आधी संशय घेतात. आपलाच कुठला उपग्रह आहे का, विमान आहे का, कोणी टवाळखोर पोरगं कॉम्प्युटरमधे घुसलंय का, आणि मुख्य म्हणजे स्रोत ताऱ्यांबरोबर सरकतोय का. हे शेवटचं महत्त्वाचं कारण तारे २३ तास ५६ मिनिटांनी त्याच जागी परत येतात आणि माणसाने केलेली गडबड बहुतेक वेळा २४ तासांच्या घड्याळाने चालते, त्यामुळे काही दिवस बघितलं की चोर सापडतो. उत्कंठा वाढवायला त्याला गोळीबार लागत नाही, तपासणीची यादीच पुरते.

आणि मग माझा सगळ्यात आवडता भाग. अभिजित मावळणार. पृथ्वी फिरते त्याला अमेरिकन सरकार काय करणार! संदेश सलग हवा असेल तर पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूच्या लोकांना फोन करावाच लागतो, सोव्हिएत जहाजांची मदत घ्यावीच लागते. नंतर संरक्षण खात्याचे साहेब येऊन तणतणतात की आम्हाला न विचारता सगळ्या जगाला का सांगितलंत, तर उत्तर एवढंच की एका देशाला हा संदेश पूर्ण ऐकताच येत नाही. गुप्तता ठेवायची का यावर पानंच्या पानं भाषण देण्याऐवजी त्याने तो प्रश्न भूगोलावर सोडवून टाकला.

नंतर थर उलगडत जातात ते पण झकास. वर मूळ संख्या, ध्रुवीकरणातल्या (लहरींच्या कंपनाच्या दिशेतल्या) बदलांत लपवलेला टीव्हीचा सिग्नल, तो लावून बघतात तर १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या उद्घाटनाचा हिटलर! आणि त्याच्याही खाली हजारो पानांचा आराखडा, पाच माणसांना पलीकडे नेणाऱ्या यंत्राचा. हिटलरवाला धक्का स्वस्त नाहीये. २६ प्रकाशवर्षं जायला, २६ यायला, म्हणजे १९८८ च्या आधी उत्तर येणं शक्यच नाही, हे गणित वाचकालाही करता येतं. त्यांना हिटलर कोण ते माहीतच नाही, फक्त 'तुमचं मिळालं बरं का' एवढंच कळवायचंय.

आणि मग एवढं सगळं करून आकाशगंगेच्या मध्यापाशी जाऊन नायिकेला, एलीला, काय मिळतं? समुद्रकिनारा आणि तिच्या वारलेल्या वडिलांच्या रूपातला परग्रहवासी. तो प्रेमळपणे समजावून सांगतो. मी पुस्तक मिटून ठेवलं होतं तिथे.

सप्तर्षी

पहिल्या भागाबद्दल एकदम सहमत. एक भर घालतो, कारण विज्ञान म्हटलं की लोक वर्महोलकडेच (अवकाशातल्या दोन लांबच्या जागा जोडणाऱ्या बोगद्याकडे) पळतात आणि खरी करामत राहून जाते.

अभिजित हा तारा निवडणं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेण्यासारखं होतं. तो तरुण तारा आहे, चाळीस-पन्नास कोटी वर्षांचा, सूर्य साडेचार अब्ज वर्षांचा. १९८३ मधे आयआरएएस नावाच्या अवरक्त उपग्रहाला त्याच्याभोवती धुळीची तबकडी दिसली होती, म्हणजे तिथे ग्रह असले तरी अजून घडायचे असतील. एवढ्यात बुद्धिमान जीव कुठून येणार? सेगनला हे माहीत होतंच, आणि त्याने ते झाकून न ठेवता पात्रांच्या तोंडूनच काढलंय. मग तर्क असा जातो की हे लोक तिथले नाहीतच, तिथे फक्त त्यांचं ठाणं असणार. वाचकाने शंका काढायच्या आधी पुस्तकच काढतं आणि त्या शंकेतून कथा पुढे सरकते. विज्ञानकथेत याहून जास्त काय मागायचं.

वर्महोलची गोष्ट बहुतेकांना माहीत असेल. सेगनने आधी कृष्णविवरातून प्रवास लिहिला होता, भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्नला विचारलं की चालेल का, थॉर्न म्हणाला छे, माणूस जिवंत राहणार नाही, वर्महोल वापर. आणि मग त्या प्रश्नाने त्यालाच पछाडलं आणि १९८८ मधे थॉर्न आणि मॉरिस यांनी जाण्यायेण्याजोग्या वर्महोलवर रीतसर पेपर छापला. कादंबरीसाठी विचारलेल्या शंकेतून संशोधन सुरू झालं हे विरळाच.

बाकी संदेश कसा रचावा हे लिहिण्याचा हक्क याच माणसाला होता. १९७२ ची पायोनियरची पाटी, १९७४ चा अरेसिबोचा संदेश, १९७७ ची व्हॉयेजरची सोनेरी तबकडी, तिन्हीत त्याचा हात. आपल्या केसरबाई केरकरांची भैरवी सध्या सूर्यमालेच्या हद्दीबाहेर जातेय ती त्याच तबकडीवर. मराठीतला नमस्कार पण आहे तिच्यात. असो, अवांतर झालं.

खवचट काकू

तुम्ही दोघं विज्ञानावर एवढे खूश आहात की माणसांकडे बघायचं राहूनच गेलं वाटतं :)

मला विचाराल तर पात्रं हा या पुस्तकाचा सगळ्यात लंगडा पाय आहे. एली सोडून. एलीचं लहानपण फार सुंदर आहे, ते रेडिओचं प्रकरण आठवतंय का? रेडिओ बंद पडलाय, बाबा घरी यायच्यात, ही एवढीशी पोर मागचं झाकण उघडते, आतल्या एका नळीची वाकलेली पिन दिसते, ती सरळ करून परत बसवते आणि आवाज सुरू होतो. बस. पुढे आयुष्यभर ही बाई काय करणार ते त्यात आलं. पण तीच एली मोठी झाली की प्रत्येक प्रसंगात निबंध वाचायला लागते. सगळेच वाचतात. जेवणाच्या टेबलावर निबंध, गाडीत निबंध, प्रेमात पडताना पण निबंध. तो डेर हीअर, राष्ट्राध्यक्षांचा विज्ञान सल्लागार, त्याच्याशी तिचं प्रेम आहे हे लेखकाने सांगितलं म्हणून आपण मानायचं, एरवी दोन सहकारी मीटिंगला बसलेत असंच वाटतं.

उलट तो शास्त्रज्ञ ड्रमलिन! काय माणूस रंगवलाय. आधी हिचा प्रकल्प बंद करायला निघालेला, संदेश आला की पुढच्या रांगेत, आणि यानात बसायची अमेरिकेची जागा पण पटकावतो. खलनायक नाही हो, हुशार आहे, कामसू आहे, आणि बाई बोलली की त्याला ऐकूच येत नाही, तेच वाक्य पाच मिनिटांनी पुरुष बोलला की येतं. हे बारकावे १९८५ मधे एका पुरुषाने लिहिलेत याचं मला कौतुक आहे. असली माणसं सेगनने खोलीभर पाहिली असणार. यंत्रापाशी झालेल्या स्फोटात तो जातो तेव्हा मला हळहळ वाटली, प्रामाणिकपणे, कारण पुस्तकातून एक जिवंत माणूस कमी झाला.

आणि आता माझी तक्रार. देवी सुखवती. पाच प्रवाशांत एक भारतीय बाई आहे म्हणून मी केवढ्या आशेने वाचत होते. जात मोडून लग्न, घरच्यांनी तोडलेले संबंध, नवरा लवकर गेलेला, एवढं सगळं सामान गोळा केलंय आणि मग तिला साडी नेसवून खुर्चीत बसवून ठेवलंय. तिकडे पलीकडे तिला तिचा नवरा भेटतो!! तो प्रसंग आपल्याला दाखवतच नाहीत. एकेकाने परत येऊन दोन ओळींत सांगायचं, मला अमका भेटला मला तमका भेटला. चिनी शी ला तर जवळचं कोणी नाही, थेट चीनचा पहिला सम्राट. पाच माणसं नेली आणि आत गेलं एकच. सिनेमावाल्यांनी एलीला एकटीलाच पाठवलं म्हणून लोक नावं ठेवतात, मला तर वाटतं त्यांनी पुस्तक नीट वाचलं होतं.

निमूट

काकू, देवीबद्दल मान्य. पण पाच माणसं असण्याचं कारण वेगळं आहे आणि ते सिनेमात हरवलं. परत आल्यावर एकच जण सांगत असेल तर भ्रम झाला म्हणता येतं. पाच जण, पाच देशांचे, पाच वेगवेगळ्या स्वभावांचे, तेच सांगतायत, तर भ्रम म्हणता येत नाही, मग कट म्हणावा लागतो. आणि सरकार तेच म्हणतं. यांच्या हिशोबाने दिवसभराचा प्रवास, पृथ्वीवर गेली वीस मिनिटं, यंत्र जागेवरून हललेलं नाही, व्हिडिओ कॅसेटी कोऱ्या. म्हणजे तुम्हीच सगळ्यांनी मिळून बनाव रचलात. हा भाग सिनेमापेक्षा कितीतरी कडू आहे. ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्याकडे पुरावा मागितला त्यांच्याकडे आता पुरावा मागितला जातोय आणि खिसे रिकामे.

आता शंकासुरांच्या किनाऱ्याबद्दल. वडिलांचं रूप घेणं हा पळपुटेपणा आहे ही तक्रार मी पण करायचो, आता अर्धीच करतो. पलीकडचे लोक तिला दिसतात ते तिच्याच आठवणींतून उचललेल्या रूपात, म्हणजे ते खरे कसे आहेत हे शेवटपर्यंत कळत नाही. हा प्रामाणिकपणा आहे एक प्रकारचा. फसतं ते रूपामुळे नाही, स्वरामुळे. ते फार समजूतदार आहेत. एकही वाक्य असं नाही की ज्याने एली गोंधळून जावी. पोलिश लेखक लेमच्या 'सोलारिस' कादंबरीत (१९६१) पण मेलेली माणसंच परत येतात, पण तिथे तो महासागर ती का पाठवतो हे कोणालाच समजत नाही, दया आहे की प्रयोग आहे की नुसती प्रतिक्रिया आहे, आणि त्या न समजण्याने अंगावर काटा येतो. सेगनकडे काटा येत नाही कारण त्याला काटा आणायचाच नाहीये. त्याला मनापासून वाटतं की एवढी जुनी संस्कृती टिकली म्हणजे ती शहाणीच असणार. हे त्याचं गृहीतक आहे, सिद्ध कुठेच केलेलं नाही.

बाराखडी

मी अजून पुस्तक वाचलेलं नाही पण धागा वाचतेय, रहस्य फुटलं तरी चालेल. एक प्रश्न. कोणीतरी अंतराळातून यंत्राचा आराखडा पाठवला आणि आपण तो बांधून मोकळे?? कोणी विचारत नाही का की हा बॉम्ब असेल म्हणून?

सप्तर्षी

विचारतात, भरपूर विचारतात. ट्रोजन घोड्याची चर्चा आहे, यंत्रातून सैन्य उतरेल का, पृथ्वीच उडेल का वगैरे. पण तुमच्या प्रश्नात दम आहे कारण पुस्तक ती भीती तोंडी लावण्यापुरतीच घेतं. शेवटी बांधायचं कारण असं की आपण नाही बांधलं तर रशियन बांधतील. हे राजकारणाच्या दृष्टीने शंभर टक्के खरं वाटतं पण शास्त्रज्ञांनी एवढ्यावर गप्प बसावं हे पटत नाही.

ही कल्पना सेगनची स्वतःची नाही हेही सांगायला हवं. नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉईल यांनी १९६१ मधेच जॉन एलियटबरोबर बीबीसीसाठी 'ए फॉर अँड्रोमेडा' ही मालिका लिहिली, त्यात रेडिओ दुर्बिणीवर आलेला संदेश म्हणजे एका कॉम्प्युटरचा आराखडा निघतो. तो बांधतात आणि मग बांधणाऱ्यांना कळतं की पाठवणाऱ्याचे हेतू काही चांगले नाहीत. म्हणजे चोवीस वर्षं आधी दुसऱ्या खगोलशास्त्रज्ञाने तोच प्रसंग घेऊन उलट निष्कर्ष काढला होता. हॉईलला भीती वाटते, सेगनला वाटत नाही. गंमत म्हणजे दोघांकडे पुरावा सारखाच, म्हणजे शून्य.

दशांश

कोणी पाय (π) चा विषय काढत नाहीये, मी काढतो. माझ्यामते पुस्तकाचा खरा निकाल तिथे लागतो.

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी: पलीकडचे लोक एलीला सांगतात की आम्हालाही कोडी आहेत, पायच्या अंकांत खूप पुढे गेलं की एक संदेश सापडतो, तो आम्ही लिहिलेला नाही. परत आल्यावर एली कॉम्प्युटरला कामाला लावते आणि अगदी शेवटच्या पानांवर, ११ च्या पायात (म्हणजे दहाऐवजी अकरा अंक वापरून) लिहिलेल्या π मधे तिला शून्यांच्या शेतात एकांचं वर्तुळ सापडतं. चौकोनात अंक मांडायचे, चित्र दिसतं. म्हणजे विश्व कोणीतरी मुद्दाम बनवलंय, सही करून.

आता हिशोब. यावर नेहमीचा आक्षेप असा की π चे अंक यादृच्छिक असतील तर कुठला ना कुठला नमुना कधीतरी येणारच, त्यात काय मोठं. दशमान π मधे ७६२ व्या दशांश स्थानापासून सलग सहा ९ येतात, कोणी देव मानत नाही त्याला. पण आकडे बघा. समजा चित्र ३० बाय ३० चं आहे (हे मी धरलंय, पुस्तकातलं नाही). ९०० अंक, प्रत्येक अंकाला ११ शक्यता. तर नेमका तो नमुना योगायोगाने यायला सरासरी ११ चा ९०० वा घात एवढे अंक तपासावे लागतील, म्हणजे १ वर ९३७ शून्यं. दृश्य विश्वातले अणू १ वर ८० शून्यांच्या आसपास धरतात. २०२२ मधे माणसाने π चे १०० ट्रिलियन अंक काढले, म्हणजे १ वर फक्त १४ शून्यं. तेव्हा एलीला तिच्या हयातीत एवढं मोठं वर्तुळ सापडत असेल तर योगायोग म्हणणं हास्यास्पद आहे.

पण लहान चित्र असेल तर? ५ बाय ५ चं घेतलं तर २५ अंक, ११ चा २५ वा घात, १ वर २६ शून्यं. शिवाय तिचा प्रोग्रॅम किती वेगवेगळे पाये तपासतोय, किती रुंदीचे चौकोन मांडून बघतोय, वर्तुळाऐवजी त्रिकोण आला असता तरी ती उडालीच असती की नाही, या सगळ्याने भागावं लागेल. पहिल्या भागात इतकी काटेकोर असलेली बाई इथे हे काहीच विचारत नाही. चित्र दिसलं, कादंबरी संपली. माझ्यामते दोन पानं अजून हवी होती, दुसऱ्या कोणीतरी दुसऱ्या मशीनवर ते पडताळून बघण्याची. तोच तर या पुस्तकाचा हातखंडा होता!

शंकासुर

दशांश, हिशोब भारी. पण मला त्याहून मूलभूत अडचण आहे. विश्व बनवणारा कोणी असेलच तर तो प्रकाशाचा वेग बदलू शकेल, इलेक्ट्रॉनचं वजन ठरवू शकेल, पण π कसा बदलणार? π हा काही मोजून काढलेला आकडा नाही. माधवाची श्रेणी घ्या, १ वजा एक तृतीयांश अधिक एक पंचमांश वजा एक सप्तमांश, असं करत गेलं की π चा चौथा भाग मिळतो. यात वर्तुळ नाही, अवकाश नाही, विश्वच नाही, नुसते विषम आकडे आहेत. कुठल्याही विश्वात हेच उत्तर येणार. मग त्यात सही करायला जागा कुठून आली? पायोनियरवरची पाटी कोरणं वेगळं आणि दोन अधिक दोन मधे पत्र लिहिणं वेगळं. सेगनसारख्या माणसाने ही चूक करावी याचं आश्चर्य वाटतं.

निमूट

चूक नाही हो ती, मुद्दाम आहे. त्याला साधी सही हवी असती तर भौतिकशास्त्रातला एखादा स्थिरांक घेतला असता, सोपं होतं. त्याने नेमकी अशी जागा निवडली की जिथे कोणालाच हात घालता येत नाही, विश्व बनवणाऱ्यालाही नाही असं आपण समजतो. तिथे लिखाण सापडलं म्हणजे बनवणारा आपल्या तर्काच्याही बाहेर आहे. पलीकडचे लोक पण त्यापुढे हतबल आहेत ही एकच जागा पुस्तकात अशी आहे जिथे मला तो काटा आला.

आणि तो शेवट हवेतून पडलेला नाही. एली सातवीत असताना शिक्षक सांगतात की π चे अंक संपतच नाहीत, ती विचारते की तुम्हाला कसं माहीत, कोणी शेवटपर्यंत मोजलेत का, आणि ते खेकसतात की मूर्खासारखे प्रश्न विचारू नकोस. मग ती स्वतः वाचनालयात जाऊन शोधते. सुरुवातीच्या पानांत पेरलेलं बी आहे ते.

दुसरं, सिनेमा संपतो श्रद्धेवर. मला अनुभव आला, सिद्ध करता येत नाही, विश्वास ठेवा. (ते अठरा तासांच्या रेकॉर्डिंगचं शेपूट जोडलंय तेही सरकार दाबून टाकतं.) पुस्तक याच्या बरोबर उलट जातं. तिचा अनुभव कोणी मानत नाही, ठीक आहे, मग ती असा पुरावा शोधते जो तपासायला तिच्यावर विश्वास ठेवायची गरजच नाही. कॉम्प्युटर घ्या, अंक काढा, बघा. रशियात बसून बघा नाहीतर नायजेरियात. धर्मोपदेशक पामर जॉसबरोबरचा तो लंबकाचा प्रसंग आहे ना, जड गोळा नाकापासून सोडायचा आणि न हलता उभं राहायचं, तो परत येतो पण सोडलेल्या जागेच्या पुढे येत नाही. ती त्याला सांगते की माझा भौतिकशास्त्रावर विश्वास आहे म्हणून मी इथे उभी राहते, तुमची प्रार्थना चालत असेल तर तुम्ही एक पाऊल पुढे उभे राहा. आणि गोळा परत येताना ती स्वतःच किंचित मागे सरकते! लेखकाने नायिकेला सूट दिलेली नाही. शेवटचं वर्तुळ म्हणजे हा लंबक सगळ्या जगासमोर लावलाय.

खवचट काकू

निमूट, पहिल्यांदा इतकं बोललात :)

लंबकावरून आठवलं. जॉस ठीक आहे, त्याच्याशी वाद घालावासा वाटतो. पण तो दुसरा धर्मोपदेशक, बिली जो रँकिन, तो नुसता मातीचा पुतळा आहे, एलीने टोला मारावा म्हणूनच उभा केलेला. धर्मावरचं ते लांबच्या लांब प्रकरण मी दोन्ही वेळा भराभर उलटलं. ज्याला हरवायचंय त्याला आधी नीट बोलू तरी द्यावं.

आणि कोणी त्या पत्राचं बोलत नाही. शेवटी आईचं पत्र येतं आणि कळतं की ज्या वडिलांनी तिच्यावर जीव लावला, ज्यांच्या रूपात पलीकडचा जीव भेटला, ते तिचे जन्मदाते नव्हतेच. जन्मभर ज्याचा राग राग केला तो सावत्र बाप जॉन स्टॉटन हाच खरा बाप. लोकांना हे टीव्ही मालिकेतलं वाटतं. मला हे π पेक्षा आवडलं. अख्ख्या विश्वाकडे पुरावा मागणारी बाई, आणि स्वतःच्या घरातली एक गोष्ट तिने कधी तपासूनच बघितली नाही, कारण ती तिला हवी तशी होती. फक्त ते दीड पानात उरकलंय. तिला त्या म्हाताऱ्याच्या समोर बसवायला हवं होतं. सेगनला वर्तुळाची घाई झाली होती.

दशांश

सहमत, आणि घाईचं कारण कदाचित हे पण असेल की ही गोष्ट मुळात १९७९ मधे सिनेमासाठी सुरू झाली, सेगन आणि अ‍ॅन ड्रुयान दोघांनी मिळून आराखडा लिहिला, सिनेमा रखडला आणि मग त्याची कादंबरी झाली. शेवटी सिनेमा १९९७ मधे आला तोवर सेगन गेला होता, १९९६ च्या डिसेंबरात. पुस्तकात प्रसंग तुकड्यातुकड्यांनी येतात आणि मधे व्याख्यान भरलेलं असतं ते यामुळे असू शकतं. मला तसं वाटतं.

निमूट यांचा मुद्दा मान्य करूनही माझी दोन पानांची मागणी कायम आहे. सगळ्या जगाला तपासता येईल असा पुरावा असेल तर जगाला तपासताना दाखवा ना.

बाराखडी

आता वाचणारच. आता जुनं वाटतं का खूप? १९८५ चं म्हणजे सोव्हिएत वगैरे असणार.

शंकासुर

आहे ना. यंत्रातला प्रवास १९९९ च्या ३१ डिसेंबरला होतो आणि तेव्हाही सोव्हिएत संघ ठणठणीत आहे, एक यंत्र ते बांधतायत. छापल्यावर सहा वर्षांत देशच गेला. पण खटकत नाही, कारण दोन महासत्तांनी एकमेकांच्या तोंडाकडे बघत एकच काम करणं हा कथेचा कणाच आहे, तो काढला तर पहिला अर्धा भाग कोसळेल. व्हिडिओ कॅसेटी मात्र खटकतात. उलट हॅडन नावाचा अब्जाधीश आहे, टीव्हीवरच्या जाहिराती आपोआप बंद करणारं यंत्र विकून श्रीमंत झालेला, तो आजच्या माणसासारखा वाटतो.

वाचताना एवढंच करा, रँकिनचं प्रकरण जड गेलं तर सरळ उलटा, काही बुडत नाही. पण संदेशाचे थर उलगडतात तिथे एकही पान सोडू नका, आणि सातवीतल्या त्या π च्या प्रश्नावर जरा थांबा. निमूट यांच्यामुळे मी तो शेवट आता नुसता 'चूक' म्हणून सोडून देणार नाही, पण तर्काच्या बाहेर असलेला कर्ता आपल्याला तर्कानेच सापडतो ही अडचण त्यांनी अजून सोडवलेली नाही. आणि किनाऱ्याला माफी नाहीच.

निमूट

सोडवली नाहीये, खरंय. एलीनेही सोडवलेली नाही.

किनाऱ्याला मात्र एक सूट द्या. तिथे ती पलीकडच्यांना विचारते की तुम्ही कशापुढे नतमस्तक होता, आणि π ची गोष्ट त्या प्रश्नाला उत्तर म्हणून येते. तो प्रसंग कापला तर तुमचा आवडता वाद पण जाईल.

शंकासुर

तो प्रश्न ठेवू, वडील कापू.